मेजाच्या पोटातली फळी

मी मेजाखाली उताणी पडले होते, आणि वरच्या फळीवरून फिरता फिरता माझं बोट एकाएकी थांबलं. मी थांबवलं नव्हतं. गर्दीत ओळखीचा चेहरा दिसला की पाय आपोआप थबकतात, तसं ते थबकलं. लाकडातली एक गाठ फार पूर्वी गळून पडलेली, तिच्या जागी गोल भोक, आणि भोकात अलीकडेच कुणीतरी ठोकून बसवलेलं बूच. बूच नवं होतं, त्याची कड अजून बोटाला टोचत होती. भोकाची कड मात्र लोण्यासारखी मऊ, आणि एका बाजूला जरा जास्तच झिजलेली, रोज ओतून ओतून भांड्याचा काठ झिजावा तशी. मी डोळे मिटले. ह्या कामात मला डोळ्यांची लुडबुड नको असते. भोकाच्या डाव्या अंगाला, वीतभर अंतरावर, एक खोलगट खरखरीत डाग असायला हवा, असं मनात आलं, आणि ते नीट मनात येईपर्यंत हात तिथं पोचलाही होता. डाग होता. मेणबत्तीनं जळलेल्या लाकडाचा. मी हात तिथंच ठेवला. आणि मग आतून काहीतरी तापत तापत वर यायला लागलं.

मेजापलीकडे माझ्या भावाचे चकचकीत बूट दिसत होते आणि त्यांच्यासमोर गिऱ्हाईक म्हणून आलेल्या वकीलबाईंच्या साध्या चपला. बूट सारखे हलत होते. छोटूला स्थिर उभं राहून बोलता येत नाही, तो बोलतो तेव्हा त्याचं सगळं अंग बोलतं. आता तो चांगला आडव्या अंगाचा, पोट सुटलेला गृहस्थ आहे, बाजारात त्याला शेठ म्हणतात, पण घरात पडलेलं नाव कुठं जातंय? "हे पाय बघा," तो सांगत होता. "गुडघ्यात बाक, खाली पंजा. हातानं कोरलेलं काम आहे बाई. दोनशे वर्षांपूर्वी एखादी राणीसरकार ह्यावर पत्रं लिहीत बसली असेल." छोटूच्या दुकानातल्या प्रत्येक जुन्या वस्तूला एक राणी मिळते. सडपातळ, उभ्या खाचांच्या पायांच्या खुर्च्या आल्या की नाजूक राणी, नक्षीनं लडबडलेलं अवजड कपाट आलं की जाडजूड विधवा राणी. वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या, कारखान्यातून गाड्या भरभरून निघालेल्या खुर्च्या आल्या, तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, आता कुणाला बसवणार रे? तर म्हणाला, राणीच्या मोलकरणीला. मी हसले होते. मला त्याचं नेहमी हसू येतं, हीच तर त्याची खरी कमाई.

"पण असे पाय नंतरही करायचे ना?" वकीलबाई विचारत होत्या. त्यांचा आवाज मला आवडला. सावध, पण कुजकट नाही. "जुनी ढब पुन्हा निघाली की लोक तसंच नवं करून घ्यायचे, असं मी वाचलंय."

"करायचे! ढिगानं करायचे! म्हणून तर ताई खाली शिरल्यात. मी काय, दुकानदार माणूस, मी चांगलंच म्हणणार. ताई म्हणतील ते खरं."

"पण त्या तर काहीच म्हणत नाहीयेत."

"दुपारपर्यंत मौन असतं त्यांचं. रोजचं. व्रतच आहे. देवमाणूस हो आमची ताई. खुर्च्यांच्या दुकानात जन्म गेला, पण खुर्चीवर बसत नाही, जमिनीवर बसते. तुम्ही एक करा. त्यांचा हात फिरू द्या. काही खोट असली तर त्या गप्प बसायच्या नाहीत."

मेजाखाली मी गप्प होते.

मेज खोटं आहे, हे मला खाली शिरल्या शिरल्या कळलं होतं. ते कळायला मेणबत्तीचा डाग लागत नव्हता. पाय नवे, रंग पिऊन पिऊन सुजलेले. किडीची भोकं सरळ, आणि कीड कधी नाकासमोर चालत नाही. फळी मात्र खरी जुनी, खालून कोरडी, हातकरवतीचे आडवे ओरखडे अजून अंगावर वागवणारी. अशी मेजं जन्माला कशी घालतात ते मला ठाऊक आहे. कुणाचंतरी साधं, बिननक्षीचं, कुणी ढुंकून बघणार नाही असं जुनं सामान घ्यायचं, त्याची फळी न् फळी सोडवायची आणि त्यातून राणीसाहेबांचं मेज उभं करायचं. अशी वस्तू ओळखायची तर झीज बघावी लागते. झीज उगाच होत नाही. खुर्चीची आडवी दांडी पाय ठेवून ठेवून झिजते, खणाची तळफळी ओढून ओढून झिजते. जिथं कुणाचा हात पोचण्याचं कारण नाही तिथं लाकूड गुळगुळीत लागलं, की समजावं, ही फळी इथली नाही, हिचं आधी कुठंतरी दुसरं आयुष्य होऊन गेलंय. हे मला बाबांनी शिकवलं. ते लिलावात सामान घ्यायचे, घरी आणून ठेवायचे आणि गिऱ्हाईक आलं की विकायचे. वस्तू समोर आली की म्हणायचे, आधी उलटी कर, मग बोल. छोटूला उलटी करायचा कंटाळा. तो आधीच बोलायचा.

त्यामुळं आमच्या घरात कुठलीच वस्तू आमची नव्हती. शाळेतून यावं तर आपला पलंग गेलेला असायचा आणि त्या जागी तीन पायांचं काहीतरी उभं असायचं. एकदा आम्ही जेवत असताना गिऱ्हाईक आलं. बाबांनी छोटूला हळूच उठवलं, त्याच्या खालची खुर्ची त्या माणसाला उलटी करून दाखवली, आणि छोटू ताट हातात धरून उभ्यानं जेवला. त्याला मजा वाटली. मला नाही वाटली. रात्री झोपताना मी पलंगाच्या कठड्याला हात लावून झोपायची, कारण सकाळी तो असेलच असं नसायचं. फक्त स्वयंपाकघरातलं टेबल कधी गेलं नाही. ते कुठल्याच काळाचं नव्हतं, कुठल्याच शैलीचं नव्हतं. एका जाड फळीला चार चौकोनी पाय. बाबांनी एकदा कुणाला तरी ते दाखवायला सुरुवात केली, तेव्हा आई ओला हात पदराला पुसत मध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे सोडून काहीही विका. मला विकलंत तरी चालेल." बाबा हसले, गिऱ्हाईकही हसलं. आई हसली नाही. तेव्हापासून त्या टेबलाची किंमत कुणी विचारली नाही.

त्या टेबलाच्या फळीत गाठीचं भोक होतं. आम्ही दोघं खाली बसायचो, ती आमची गुहा. छोटूनं गुहेत उजेड हवा म्हणून मेणबत्ती लावली आणि फळी जाळली, त्याचा मार मी खाल्ला, कारण मी मोठी. वर आईचं चिरणं, वाटणं, निवडणं चाललेलं असायचं, सुरीचा आवाज आमच्या डोक्यावर टक टक वाजायचा. मग मध्येच तो आवाज थांबायचा. भोकातून आईचं बोट खाली यायचं. ओलं, पांढुरकं, सुरकुतलेलं बोट. ते नुसतं हलायचं, कोण आहे रे खाली, असं विचारल्यासारखं. आम्ही ते धरायला झडप घालायचो, तोवर ते वर गेलेलं असायचं. आणि वरून आवाज यायचा, "छोटू, तोंड उघड." मनुका पडायचा. मग, "आता तू." पुन्हा मनुका. रागावलेली असो, दमलेली असो, बाबांशी अबोला असो, बोट खाली यायचंच. भोकाची कड त्या बोटानं झिजली. लाकूड माणसाच्या बोटानं झिजतं यावर ज्याचा विश्वास नसेल, त्यानं यावं आणि ह्या राणीसाहेबांच्या मेजाखाली उताणं पडावं.

शेवटच्या आजारात आईची वाचा गेली. सकाळी मी तिच्याजवळ बसायची. सुरुवातीला मी बोलायची, बडबड करायची, तिला बरं वाटावं म्हणून. मग माझ्या लक्षात आलं, ती उत्तर शोधायला जाते आणि ते सापडत नाही, आणि त्या शोधानं तिचे डोळे भरतात. मी बोलणं सोडलं. सकाळभर आम्ही दोघी गप्प बसायचो, तिचा हात माझ्या हातात. माझ्या आयुष्यात देवाच्या इतकी जवळ मी नंतर कधी गेले नाही. ती गेल्यावर मी ती सकाळ सोडली नाही. उठायचं, दिवा लावायचा, हात जोडायचे, आणि सूर्य माथ्यावर येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लोक म्हणतात व्रत. व्रत कसलं, मी आईजवळ बसते. तिचं घर रिकामं करायचं काम छोटूनं अंगावर घेतलं. मला म्हणाला, "तू नको येऊस, तुला बघवायचं नाही." किती माया, असं मला वाटलं! टेबलाचं काय केलंस, असं विचारलं तेव्हा म्हणाला, "एका शाळेच्या शिपायाला दिलं गं. दोन मुली आहेत त्याला, जमिनीवर पालथ्या पडून अभ्यास करतात. आईला आवडलं असतं." माझे डोळे भरून आले. आईला खरंच आवडलं असतं. त्या दिवसापासून माझ्या रोजच्या प्रार्थनेत त्या मुली आल्या. नावं माहीत नव्हती, म्हणून मी नुसतं म्हणायची, देवा, टेबलावरच्या त्या दोघींना सांभाळ. धाकटीचं गणित कच्चं असावं असं मला उगाच वाटायचं. तिच्यासाठी मी थोडं जास्त मागायची. परीक्षेच्या दिवसांत दिव्यात तेल जास्त घालायची.

कुणासाठी मागत होते मी? देवासमोर रोज कोणत्या मुली उभ्या करत होते? मेजाखाली उताणी पडल्या पडल्या माझ्या कानशिलात घण बसायला लागले. छोटू खोटं बोलला याचा राग नव्हता तो. खोटं त्याच्या जिभेवर साखरेसारखं विरघळतं, ते मला पाठ आहे. राग याचा होता, की त्यानं माझ्या प्रार्थनेत हात घातला. जिथं मी स्वतःसुद्धा चप्पल काढून जाते तिथं हा बुटांसकट शिरला आणि दोन खोट्या मुली बसवून आला. भोकात बूच बसवलं तसं.

आणि मग सकाळ. सकाळीच का? हा प्रश्न मला इतकी वर्षं कसा पडला नाही? बरी, स्वच्छ, बिनभानगडीची वस्तू असली की तिचं गिऱ्हाईक संध्याकाळी येतं, चहाच्या वेळी, आणि छोटू मला म्हणतो, सांग ताई, सांग त्यांना सगळं. मी सांगते. ज्या वस्तूला कुठं ना कुठं जोड आहे, ठिगळ आहे, तिचं गिऱ्हाईक सकाळी. ते उंच कपाट, ज्याचं वरचं अंग एका कपाटाचं आणि खालचं दुसऱ्याचं, ते सकाळी गेलं. ते गोल टेबल, जे आडवं आणि उभं मोजलं तर अगदी सारखं भरत होतं, आणि जुनं गोल टेबल सुकून सुकून कधी तसं राहत नाही, तेही सकाळी गेलं. दुपारी मी छोटूला गाठून सांगायची, अरे, ते नवं आहे. तो म्हणायचा, "माहीत आहे गं मला, तसंच सांगून विकलं." मी निश्चिंत व्हायची. एकदा मला राहवलं नाही, मी गिऱ्हाईकासमोर मान हलवली, जोरात, नाही म्हणून. छोटू खळखळून हसला आणि त्या माणसाला म्हणाला, "बघितलंत? जीव अडकलाय तिचा त्यात. विकू देत नाही." त्या माणसानं ती वस्तू तिथल्या तिथं घेतली. तेव्हा मला वाटलं, छोटूला माझं म्हणणं कळलं नाही. आज कळलं, त्याला कळलं होतं. दुकानावर पाटी नाही, जाहिरात नाही, शिक्का नाही. माझं मौन हाच त्याचा शिक्का. मी आईजवळ बसलेली असते, आणि हा ते बसणं उचलून गिऱ्हाईकाच्या हातात ठेवतो.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती जाताना वाटेत कुठं कुठं थांबते ते मला त्या दिवशी कळलं. गुडघ्यात थांबली, पोटात थांबली, घशात तर ठाण मांडून बसली. राग गिळायचा, हे मला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. मी जन्मापासून हळू बोलते. लोक म्हणतात, किती शांत, किती सोशिक. गिळलेला राग जातो कुठं, ते कुणी विचारत नाही.

"हमाल बाहेर थांबलेत," छोटू सांगत होता. "तुमचं मन झालं तर आत्ता गाडीत चढवतो. नाही झालं तरी आपली ओळख राहील."

"ताईंना बाहेर येऊ देत," वकीलबाई म्हणाल्या.

हमाल उचलणार होते. एकदा गाडीत चढलं, की ही फळी कुणाच्यातरी बैठकीत जाऊन बसणार होती, पंजे असलेल्या पायांवर, पोटात, अंधारात, भोकात बूच घेऊन. दुपारनंतर मी कितीही बोलले असते तरी त्याचा उपयोग नव्हता. आणि आत्ता बोलायचं, तर आईजवळून उठायचं. तिच्या जाण्यापासून एकही सकाळ मी मोडली नव्हती. तापात मोडली नाही, परक्या गावात मोडली नाही, दुकानातल्या मिस्त्रीच्या हातावर कपाट पडलं त्या दिवशीसुद्धा मी पळत जाऊन ते उचललं ते तोंड मिटून. मी मेजाखालून सरपटत बाहेर आले. केसांत भुसा होता. वकीलबाईंनी हात पुढं केला, मला उठवलं, आणि माझ्या डोळ्यांत बघून हळूच म्हणाल्या, "नुसती मान हलवलीत तरी चालेल, ताई. चांगलं आहे ना?"

छोटू माझ्याकडे बघून हसत होता. लहानपणी मार माझ्यावर ढकलून हसायचा, तेच हसू.

"हे दोनशे वर्षांचं नाही," मी म्हटलं.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. सकाळचा, न वापरलेला, गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज. मागच्या बाजूला मिस्त्रीचा रंधा चालला होता, तो थांबला. छोटूचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्या हसण्यामागचा माणूस निघून गेला.

"ताई, अगं तुझं मौन..."

"हे आमच्या आईचं टेबल आहे. स्वयंपाकघरातलं. तोडून केलंय."

आता संपलं, असं मला वाटलं. खरं बोललं की पुढचं आपोआप होतं, अशी माझी समजूत. वकीलबाईंचा चेहरा मात्र उजळला. "अय्या, म्हणजे तुमच्या घरातलंच! आईंचं! मग त्यांनी ते नंतर असं करून घेतलं का?" आणि त्यांनी फळीवर हात ठेवला, इतक्या प्रेमानं, की मला त्यांच्यावर रागावताही येईना. छोटूला पुन्हा तरतरी आली. मी ती येताना बघितली, पावलांपासून वर. "काय सांगू तुम्हाला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर ओला झाला होता, "आईची आठवण आहे ही. म्हणूनच तर ताईला जड जातंय. मी कुणाला सांगत नव्हतो. पण तुमच्यासारख्या माणसाकडे गेलं तर आईलासुद्धा आवडलं असतं."

आईलासुद्धा आवडलं असतं. तेच वाक्य. शिपायाच्या मुलींसाठी वापरलेलं, तेच, जसंच्या तसं. एकदा वापरलेलं लाकूडही हा फेकत नाही, वाक्य कसं फेकेल? माझ्या आत जे घशाशी येऊन बसलं होतं ते उठून उभं राहिलं. मला ओरडता येत नाही. मला वस्तू फोडता येत नाहीत, मी आयुष्यभर त्या जपल्यात. मी मेजाचा खालचा खण दोन्ही हातांनी धरला, ओढला, पूर्ण बाहेर काढला आणि जमिनीवर ठेवला. आत, मेजाच्या पोटात, फळी दिसत होती. तिच्या वरच्या अंगावर सुरीचे बारीक बारीक वार, एकात एक गुंतलेले, सगळीकडे. "इथं खणाखाली सुरी कशाला चालेल?" मी वकीलबाईंना विचारलं. "बघा. हात घाला." त्या वाकल्या. त्यांनी हात घातला. त्यांचं हसू विरलं आणि तिथं वकिलाचा चेहरा आला.

"ताई, पुरे आता," छोटू दातांत बोलला. "घरी बोलू."

मी बुचावर अंगठा ठेवला आणि सगळा भार दिला. मिस्त्रीचं काम पक्कं असतं, ते सहज निघालं नाही. अंगठ्याचं नख मोडलं. मग एक कुरकुर झाली आणि बूच खाली पडून घरंगळत माझ्या भावाच्या बुटापाशी जाऊन थांबलं. मी भोकातून बोट खाली घातलं. कडेची झीज माझ्या बोटाला बरोबर बसली. जन्मात पहिल्यांदाच ह्या खेळात मी त्या फळीच्या वरच्या बाजूला होते.

"छोटू," मी म्हटलं. मी ओरडले नाही. पण मागं मिस्त्री दारात येऊन उभा राहिला होता, म्हणजे आवाज तिथवर पोचला असावा. "तोंड उघड."

तो माझ्या बोटाकडे बघत होता. त्याला टेबल आठवत होतं, ते त्यानंच तोडायला दिलं होतं. मनुका तो विसरला होता. आता ते परत येत होतं आणि त्याला नको होतं, त्याचं सगळं अंग नको म्हणत होतं, बूट मागं सरकत होते.

"ज्या मुलींना दिलंस म्हणालास त्यांच्यासाठी मी आजही सकाळी हात जोडून आले. उघड तोंड. बोल. त्यांची नावं सांग मला."

त्याचं तोंड उघडलं. नेहमीच्या सवयीनं उघडलं, आणि उघडंच राहिलं. त्यातून काही आलं नाही, राणी नाही, आई नाही, विनोद नाही. सारं दुकान त्या उघड्या तोंडाची वाट बघत थांबलं. रंधा बंद, वकीलबाई वाकलेल्या, हमालांपैकी एकजण दारातून डोकावणारा. मला त्याची दया यायला हवी होती. रोज मी दया मागते, सगळ्यांसाठी मागते. ती आली नाही. मी तिची वाट बघितली नाही.

मग मी वकीलबाईंकडे वळले. पायांपासून सुरुवात केली, हे कशाचे, रंग कुठला, किडीची भोकं कशानं पाडली. मेज झाल्यावर भिंतीशी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका कपाटाकडे वळले, आणि त्यानंतर कोपऱ्यात नव्यानं येऊन बसलेल्या गोल टेबलाकडे. माझा आवाज आता साफ होत चालला होता. सूर्य माथ्यावर यायला अजून बराच अवकाश होता. मी बोलत राहिले.